जुनी जीप, थोडे पैसे : एका स्वस्त खरेदीचा इतिहास

१/
स्वतंत्र भारतातील पहिला मोठा घोटाळा म्हणून ज्या प्रकरणाचे नाव घेतले जाते, त्याच्या मुळाशी एक साधा व्यवहार होता : परवडतील अशा दरात जुन्या जीपगाड्या विकत घेण्याचा. वर्ष १९४८. मागणी २००० गाड्यांची, दर प्रत्येकी सुमारे ३०० पौंड, एकूण रक्कम ८० लाख रुपये. प्रत्यक्षात मद्रास बंदरात उतरल्या १५५ गाड्या, आणि त्याही लष्कराच्या उपयोगाच्या नव्हत्या. #धागा #इतिहास

२/
पुढच्या सत्तर वर्षांत हाच व्यवहार याच देशात असंख्य वेळा झाला. शेतकऱ्याने केला, ठेकेदाराने केला, निवृत्त फौजीने केला, डोंगर चढायची हौस असलेल्या पण खिसा बेताचा असलेल्या तरुणाने केला. त्यांच्यापैकी पुष्कळांना तो साधला. जे एका सरकारला जमले नाही ते गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या सामान्य गिऱ्हाइकाला कसे जमले, हा या धाग्याचा विषय. त्यासाठी आधी या गाडीच्या जन्माकडे जावे लागते.

३/
जून १९४० मध्ये फ्रान्स पडला. अमेरिका अद्याप युद्धात नव्हती, पण तिच्या लष्कराला घोडे आणि साइडकारच्या मोटारसायकली यांच्या जागी एक हलके, चारही चाकांना जोर देणारे वाहन तातडीने हवे होते. १३५ कंपन्यांना पत्रे गेली. अटी कडक : पाव टन वजन वाहण्याची क्षमता, स्वतःचे वजन १३०० पौंड म्हणजे जेमतेम ५९० किलो, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत. बहुतेकांनी उत्तरही दिले नाही.

४/
पुढे सरसावली ती दिवाळखोरीच्या कडेवर असलेली बँटम ही पेनसिल्व्हेनियातील बटलर गावची लहान कंपनी. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने काही दिवसांत आराखडा उभा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदतीच्या आत, पहिली गाडी मेरीलँडमधील होलाबर्ड छावणीत पोहोचली. वजनाची अट पुढे लष्करालाच सैल करावी लागली. इतक्या हलक्या वजनात इतके दणकट वाहन होत नाही, हे कागदापेक्षा मैदानावर लवकर कळले.

५/
बँटमची कल्पना पसंत पडली, पण कारखाना लहान होता. लष्कराने तिचे आराखडे विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनाही दाखवले. विलिसची बाजू भक्कम होती ती इंजिनामुळे. डेल्मर ‘बार्नी’ रूस यांनी सुधारलेले हे २.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन ६० अश्वशक्ती देत असे. १९४१ साली विलिसला १६,००० गाड्यांचे काम मिळाले, दर प्रत्येकी ७३८.७४ डॉलर. बँटमच्या वाट्याला मुख्य काम आले नाही. कल्पना लहान माणसाची आणि कंत्राट मोठ्याचे, हा प्रकार जीपच्या जन्मापासूनचा आहे.

६/
मागणी इतकी वाढली, की एकट्या विलिसला ती पुरी होईना. मग फोर्डनेही विलिसच्याच आराखड्यावर गाड्या बनवल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. फोर्डने आपल्या कित्येक सुट्या भागांवर स्वतःचे ‘एफ’ हे अक्षर उठवले, तरी ते भाग विलिसच्या गाडीला बिनदिक्कत बसत. रणांगणावर मोडलेल्या दोन गाड्यांतून एक चालती गाडी उभी करता यावी, हा त्यामागचा हेतू. जुन्या जीपचे पुढचे सारे आयुष्य याच एका गुणावर उभे राहिले.

७/
गाडीची बांधणीही त्याला साजेशी होती. शिडीसारखी सरळ चासी, तिच्याखाली कमानपाटे, पुढे-मागे दोन्हीकडे जोर देणारे आस, मध्ये ट्रान्सफर केस आणि वर सपाट पत्र्याचा टब. लपवलेले काही नाही, नाजूक काही नाही. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग हाताला लागतो. कोणताही पत्रा कापावा, वाकवावा, जोडावा. लोहाराच्या भात्यावर आणि ऐरणीवरही तिचे बरेचसे काम होऊ शके. ही गाडी कारखान्यात जन्मली खरी, पण ती जगली रस्त्याकडेच्या गॅरेजांत.

८/
१९४५ मध्ये युद्ध संपले आणि अमेरिकेत एक अफवा पसरली, जी पुढे कित्येक दशके टिकली : तेलकट कागदात गुंडाळून लाकडी खोक्यात बंद केलेली कोरी जीप ५० डॉलरला मिळते! मासिकांच्या शेवटच्या पानांवर तशा जाहिराती येत. पैसे पाठवणाऱ्याच्या घरी येई ती मात्र एक पुस्तिका, सरकारी शिल्लक माल कसा विकत घ्यावा याची माहिती देणारी. युद्धकाळात परदेशी पाठवण्यासाठी जीप खोक्यांत भरल्या जात, एवढा अफवेचा पाया खरा होता. उरलेली सारी इच्छा होती.

९/
खरा व्यवहार निराळा होता. शिल्लक लष्करी मालाच्या विक्रीसाठी सरकारने स्वतंत्र यंत्रणा उभारली होती आणि खरेदीत माजी सैनिकांना प्राधान्य होते. विक्रीला येणाऱ्या गाड्या बहुधा वापरून झिजलेल्या. विलिसने १९४५ मध्येच नागरिकांसाठी नवी जीप बाजारात आणली, सीजे-२ए. तिची किंमत १०९० डॉलर. म्हणजे लष्कराने मोजलेल्या दरापेक्षाही जास्त. ५० डॉलरच्या खोक्याची वाट पाहणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही. ज्यांनी झिजलेली गाडी घेऊन ती दुरुस्त करण्याचे कष्ट पत्करले, त्यांची शेती मात्र जीपवर चालली.

१०/
स्वस्त जुन्या जीपने जगात काय काय घडवले, त्याची दोन उदाहरणे पुरेत. फिलिपिन्समध्ये अमेरिकी सैन्य मागे ठेवून गेलेल्या जीपगाड्या लोकांनी लांबवल्या, छत चढवले, समोरासमोर बाके टाकली, रंगांनी नटवल्या. त्यातून ‘जीपनी’ जन्मली आणि युद्धाने सारी वाहतूक मोडून टाकलेल्या मनिलाला पुन्हा पाय फुटले. आज जी त्या देशाची ओळख मानली जाते, ती मुळात पैसे नसलेल्या माणसांनी जुन्या मालावर केलेली कारागिरी आहे.

११/
दुसरे उदाहरण वेल्समधील अँगलसी बेटावरचे. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांच्याकडे तेथील शेतावर लष्कराने काढून टाकलेली एक जीप होती. ती निकामी झाल्यावर तिच्या जागी काय आणायचे, या प्रश्नाचे उत्तर ‘दुसरी जीप’ एवढेच होते. त्यातून कल्पना निघाली. पहिला नमुना जीपच्याच चासीवर बांधला गेला आणि ३० एप्रिल १९४८ रोजी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर अवतरली. चाकांमधले अंतर जीपइतकेच, ८० इंच. पोलाद दुर्मीळ म्हणून शरीर अ‍ॅल्युमिनियमचे.

१२/
हिंदुस्थानात जीप आली ती युद्धाबरोबर. आसामातील लेडोपासून ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा रस्ता बांधताना, ईशान्येच्या चिखलात आणि विमानतळांच्या धावपट्ट्यांवर ती सर्वत्र होती. युद्ध संपल्यावर १९४६ च्या करारानुसार अमेरिकेने येथील शिल्लक माल हिंदुस्थान सरकारच्या हवाली केला. तंबू, ट्रक, जनित्रे, जीप यांचे ढीग विक्रीस निघाले. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग बाजारात रुजला आणि मराठीतही तो घरचाच झाला.

१३/
याच सुमारास मुंबईत नव्या जीपची वाटचाल सुरू झाली होती. १९४५ साली स्थापन झालेली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी पोलादाच्या व्यापारात होती. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. १९४७ मध्ये विलिसच्या ७५ गाड्यांचे सुटे भाग आले, आणि १९४९ मध्ये माझगाव येथे भाड्याने घेतलेल्या जागेत विलिस जीप जोडली जाऊ लागली.

१४/
आता १९४८ चा तो व्यवहार. काश्मीरमध्ये युद्ध पेटलेले होते, हैदराबादचा प्रश्न ऐरणीवर होता आणि लष्कराला डोंगरी वाटांवर चालणाऱ्या गाड्या तातडीने हव्या होत्या. नव्या जीपसाठी डॉलर लागत आणि डॉलरची टंचाई होती. देशाची परकी शिल्लक होती ती लंडनमध्ये, पौंडांत. अशा वेळी युद्धातल्या जुन्या, दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या जीप पौंडांत मिळत असतील, तर तो मार्ग शहाणपणाचा वाटणे स्वाभाविक होते. कल्पना चुकीची नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे.

१५/
लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी खरेदीची नेहमीची पद्धत बाजूला ठेवून एका परदेशी कंपनीशी करार केला. बरीचशी रक्कम आगाऊ गेली. गाड्या आल्या तेव्हा काश्मीरची गरज मागे पडली होती. ज्या १५५ उतरल्या, त्या पाहून लष्कराने नाक मुरडले. दुरुस्त करून मिळणार म्हणून घेतलेला माल आधी दुरुस्तच करावा लागणार होता. तरीही त्या गाड्या स्वीकारल्या गेल्या.

१६/
संसदेत गदारोळ झाला. अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने न्यायालयीन चौकशी सुचवली. ती झाली नाही. ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारपुरते प्रकरण संपल्याचे जाहीर केले आणि विरोधकांचे समाधान होत नसेल तर त्यांनी निवडणुकीत हा मुद्दा करावा, असे सुनावले. ३ फेब्रुवारी १९५६ रोजी मेनन बिनखात्याचे मंत्री झाले. १९५७ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले ते उत्तर मुंबईतून, म्हणजे ज्या शहरात नवी जीप जोडली जात होती त्याच शहरातून.

१७/
मेनन यांनी स्वतः पैसे खाल्ले, असे कोठेही सिद्ध झाले नाही. राजकीय वाद बाजूला ठेवून हा व्यवहार केवळ एका गिऱ्हाइकाच्या नजरेने पाहिला, तर त्यात तीन उणिवा दिसतात. माल नीट पारखून हाती येण्याआधी पैसे सुटले. विकणाऱ्याची ऐपत जोखली गेली नाही. आणि गाडी समुद्रापलीकडून आल्यावर तिच्यात दोष निघाला, तर जाब विचारायला समोर कोणी नव्हते. जुन्या गाडीच्या बाजारात आजही माणसे याच तीन ठिकाणी फसतात. फरक इतकाच, की त्यांची चौकशी समिती घरातच बसते.

१८/
पुढच्या काळात जीप भारतीय झाली. विलिसशी १९५४ मध्ये तांत्रिक आणि आर्थिक सहकार्याचा करार झाला आणि सीजे-३बी हे रूप येथे स्थिरावले. नवे इंजिन उंच असल्याने तिचे बॉनेटही उंच, त्यामुळे ती दुरून ओळखू येई. अमेरिकेत हे रूप १९६८ मध्ये बंद झाले, पण भारतात तिचा वंश चालू राहिला. जीपच्या मायदेशी जे संग्रहात गेले, ते येथे रोज सकाळी ढकलून का होईना, पण कामाला लागत होते. सुटे भाग याच देशात बनत राहिले, ही पुढच्या गिऱ्हाइकांसाठी सर्वांत मोठी देणगी ठरली.

१९/
महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगाव जीप दिसू लागली ती गटविकास अधिकाऱ्याची. मागून धुळीचा लोट आणि पुढे धावणारी पोरे हे दृश्य एका पिढीच्या आठवणीत पक्के आहे. वनखाते, पाटबंधारे, पोलीस, साखर कारखाने, निवडणुकीचा प्रचार : जिथे रस्ता संपे, तिथे जीप सुरू होई. या सरकारी गाड्यांचे आयुष्य संपले की त्यांचे निर्लेखन होई आणि कचेरीच्या आवारात लिलाव पुकारला जाई. सामान्य माणसाच्या दारात जीप आली ती बहुधा या वाटेने.

२०/
दुसरी वाट लष्कराच्या लिलावाची. तेथे जीपबरोबर एक अजस्र भावंडही मिळे, जोंगा. निसानच्या पॅट्रोल या गाडीवरून जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यात १९६९ पासून ती बनत होती. नावातच जबलपूर गुंफलेले. सुमारे चार लिटरचे, सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. ताकद अफाट आणि तहानही तशीच. लिलावात ती स्वस्तात सुटे, याचे कारण तिच्या टाकीत होते. घेताना हसणारा गिऱ्हाईक पहिल्याच पेट्रोलपंपावर गंभीर होई.

२१/
१९७३ च्या तेलसंकटात जगभर तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. पेट्रोलवरची जीप पोसणे सामान्याला अशक्य झाले आणि गॅरेजांतून एक मूक क्रांती घडली : पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवण्याची. कोणी ट्रॅक्टरचे इंजिन बसवले, कोणी अपघातात गेलेल्या दुसऱ्या गाडीचे. कारखान्यांनीही तीच दिशा धरली. महिंद्राच्या डिझेल जीपमध्ये आधी ट्रॅक्टरचे इंजिन आले. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना मिळाला आणि इगतपुरीत इंजिनांचे उत्पादन सुरू झाले.

२२/
हरियाणा-पंजाबच्या सीमेवरील मंडी डबवालीसारख्या गावांत तर लष्कराच्या मोडीतून जीप नव्याने उभी करण्याचा स्वतंत्र धंदाच बहरला. एकीची चासी, दुसरीचे आस, तिसरीचे इंजिन आणि टब तिथेच ठोकून काढलेला. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याला हे भेसळीचे वाटेल. पण दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती उभी करावी, हा युद्धातल्या आराखड्याचाच हेतू होता. मिस्त्रींनी तो पुस्तकात वाचला नव्हता. पाना फिरवता फिरवता त्यांना तो उमगला.

२३/
या साऱ्या काळात बेताच्या पैशांत जीप घेणाऱ्यांची एक मौखिक विद्या तयार झाली. जाणता गिऱ्हाईक रंगाकडे पाहत नाही. तो आधी गाडीखाली शिरतो. चासीला कमानपाटे जिथे टेकतात तिथला गंज, तडा सांधल्याची वेल्डिंगची रेघ, चासी नंबर खरवडल्याची खूण या गोष्टी तो आधी शोधतो. मग फोर व्हीलचा दांडा टाकून पुढची चाके खरोखर ओढतात का ते पाहतो. इंजिनाच्या ऑइलला दुधाळ रंग असेल, तर आत पाणी शिरले आहे हे ओळखतो. स्टिअरिंग किती रिकामे फिरते, ते बोटाने मोजतो. १९४८ मध्ये नेमकी हीच नजर कमी पडली होती.

२४/
त्याहून मोठी पारख कागदांची. लष्कराच्या गाडीवर नागरी क्रमांक नसतो. वर टोक केलेल्या बाणाने सुरू होणारा लष्करी क्रमांक असतो. लिलावात ती घेतली, तरी विक्रीचा आणि गाडी सोडल्याचा लष्करी कागद हाती असल्याशिवाय आरटीओत तिची नवी नोंदणी होणे अवघड. असा कागद नसलेल्या कित्येक देखण्या जीप गोठ्यात उभ्या राहून गंजल्या. म्हणून जुने मिस्त्री सांगत : गाडीला जेवढे पैसे द्याल, तेवढेच दुरुस्तीसाठी गाठीला ठेवा, आणि कागद नसेल तर ते दोन्ही पैसे वाचवा.

२५/
डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. एक लिटरहून किंचित लहान पेट्रोल इंजिन, हलके वजन, चपळ चाल. पुढे लष्करानेही ती हजारोंच्या संख्येने घेतली. त्यामुळे जीपची गोष्ट तिच्याही वाट्याला आली : आधी सैन्यात, मग लिलावात, मग हिमालयाच्या किंवा सह्याद्रीच्या वाटेवर. पण डोंगरवाटेला जाणाऱ्या गाड्यांकडे आता शहरातला पैसेवाला वर्गही वळला होता. २०१० मध्ये महिंद्राची थार आली आणि जुन्या जीपचे रूपडे नव्या दिमाखाने मिरवू लागले. त्याबरोबर जुन्या गाड्यांचेही भाव चढले. गरजेची वस्तू हौसेची झाली की तिची किंमत गरजवंताच्या हातून निसटते.

२६/
भाव चढत होते तसा कायदाही बदलला. पूर्वी आरटीओची परवानगी घेऊन बदललेले इंजिन आरसी बुकात नोंदवता येई. पुढे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कडक झाले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल गाडीत करता येणार नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने या भूमिकेला आधार आहे; कोणीही कसाही ठोकलेला टब आणि बेभरवशाचे ब्रेक घेऊन रस्त्यावर यावे, असे कोणी म्हणणार नाही.

२७/
जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या वारशाच्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक वयाच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची खास नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. चासीत, शरीरात वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. आणि ती रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येणार नाही.

२८/
महाराजांच्या गॅरेजात पांघरूण घालून ठेवलेल्या मोटारीला हा नियम अगदी मापाचा बसतो. जीपला मात्र तो अडतो. जी जीप पन्नास वर्षे टिकली, ती बहुधा बदलली म्हणूनच टिकली. पेट्रोल परवडेना म्हणून तिचे इंजिन बदलले, गंजली म्हणून टब बदलला, कामाला हवी म्हणून मागची बाजू लांबवली. तिच्या अंगावरचे प्रत्येक ठिगळ म्हणजे त्या त्या दशकाचा दस्तऐवज आहे. वारशाची व्याख्या ‘अस्पर्श’ या एका शब्दावर बेतली, की राबणाऱ्या वस्तूंचा वारसा व्याख्येबाहेर राहतो. नांगर, होडी, हातमाग यांचेही असेच झाले आहे.

२९/
यात सरसकट सूट मागण्याचे कारण नाही. पण कायद्याच्या चौकटीत नोंदवले गेलेले जुने बदल हा गाडीच्या इतिहासाचाच भाग मानावा, तिचे ब्रेक, दिवे आणि धूर कसून तपासावा आणि मग तिला वारशाच्या पंगतीत बसू द्यावे, एवढा विचार व्हायला हरकत नसावी. नाहीतर पुढच्या पिढीला संग्रहालयात जी जीप दिसेल ती हुबेहूब १९४४ ची असेल, आणि १९७४ ची, दुष्काळी कामावर धावलेली, ट्रॅक्टरच्या इंजिनावर खोकत चालणारी जीप भंगारात वितळून गेलेली असेल.

३०/
मद्रासला उतरलेल्या त्या १५५ गाड्यांकडे शेवटी पुन्हा वळावे लागते. मिस्त्रींच्या हाती पडल्या असत्या, तर त्यांतून पाऊणशे तरी धडधाकट जीप निघाल्या असत्या, असे म्हणायचा मोह होतो. पण इतिहास अशा मोहावर लिहिता येत नाही. इतके मात्र निश्चित, की ती खरेदी फसली ती गाड्या जुन्या होत्या म्हणून नव्हे. जुनी जीप घेणारा खरे तर तीन गोष्टी विकत घेतो : समोरची गाडी, तिचे सुटे भाग मिळण्याची खात्री आणि तिला ओळखणारा मिस्त्री. १९४८ मध्ये सरकारने पहिल्या गोष्टीचे पैसे दिले आणि उरलेल्या दोन गृहीत धरल्या.

३१/
आज कोणी बेताच्या पैशांत जुनी सीजे, एमएम किंवा जिप्सी शोधत हिंडत असेल, तर तो या लांबलचक साखळीतला पुढचा दुवा आहे. त्याच्या आधी होलाबर्डचे सैनिक होऊन गेले, अँगलसीचा शेतकरी-अभियंता, मनिलाचे चालक, माझगावचे कामगार, डबवालीचे ठोकेवाले आणि कचेरीच्या आवारात बोली लावणारे कोणी अनाम गावकरी. त्याने घाई करू नये. आधी गाडीखाली शिरावे, मग कागद पाहावेत, आणि खोक्यातल्या ५० डॉलरच्या जीपची वाट पाहू नये. ती १९४५ मध्येही नव्हती.

#मराठी #इतिहास #जीप